शरीराचे पहारेकरी आणि दह्याचे विज्ञान

प्रतिजैविकांचा डोस लिहून देताना डॉक्टर अनेकदा जोडीला आणखी एक कॅप्सूल लिहून देतात. पोट बिघडू नये, हा तिचा उद्देश. तिच्यात जिवंत जिवाणू असतात. दुकानाच्या शीतकपाटात दह्याच्या आणि दुधाच्या बाटल्यांवरही आता ‘प्रोबायोटिक’ हा शब्द ठळक अक्षरांत झळकतो आणि प्रतिकारशक्ती वाढविण्याचे आश्वासन देतो. पोटातले जिवाणू, आतड्याचा दाह आणि रोगप्रतिकारशक्ती यांचे काही नाते असावे, हा विचार आज सर्वपरिचित झाला आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो मांडण्याचे धाडस ज्या शास्त्रज्ञाने केले, त्याचे नाव मात्र फारसे कोणाच्या ओठांवर नसते.

इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे नाव. दाह म्हणजे निव्वळ विकार नसून शरीराने स्वतःच्या बचावासाठी उभारलेली फळी आहे, हे त्यांनी प्रथम दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हीच फळी बिघडली तर शरीरावरच उलटू शकते आणि त्या बिघाडाचे मूळ आतड्यातील जिवाणूंत असू शकते, असेही त्यांनी मांडले. या दुसऱ्या विचाराने त्यांना अफाट प्रसिद्धी दिली आणि तितकाच उपहासही. दीर्घायुष्याचा हा पुरस्कर्ता ऐन उमेदीत दोनदा मृत्यूला कवटाळायला निघाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या जीवनकार्याचा अर्थ अधिक खोलवर कळतो.

खारकीव्हचा बुद्धिमान मुलगा

मेचनिकॉव्ह यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकीव्हजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. आज तो युक्रेनमध्ये आहे. वडील झारच्या रक्षक दलातील अधिकारी, तर आई ज्यू वंशाच्या कुटुंबातली. पाच भावंडांत इल्या धाकटे. निसर्गाचे वेड लहानपणापासूनच. वनस्पती आणि प्राणी यांविषयी भावंडांना व इतर मुलांना गोळा करून व्याख्याने देण्याचा त्यांना छंद होता. खारकीव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला आणि १८६४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ते पदवीधर झाले.

त्यानंतर जर्मनी आणि इटलीतील प्रयोगशाळांत त्यांनी समुद्री जीवांच्या भ्रूणविकासाचा अभ्यास केला. डार्विनचा उत्क्रांतिवाद तेव्हा नवा होता. निरनिराळ्या प्राण्यांच्या भ्रूणांतील साम्य शोधून त्यांचे नाते सिद्ध करणे, हे त्या पिढीतील प्राणिशास्त्रज्ञांचे ध्येय होते. अलेक्झांडर कोवालेव्हस्की या स्नेह्याबरोबर केलेल्या अशा कामासाठी दोघांना १८६७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर पारितोषिक विभागून मिळाले. १८७० मध्ये ते ओडेसा येथील विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. मेचनिकॉव्ह वैद्यकाचे पदवीधर कधीच नव्हते. पुढे वैद्यकाचा पाया बदलणारा हा माणूस मुळात समुद्रकिनाऱ्यावरचे जीव न्याहाळणारा होता.

मृत्यूच्या दारात दोनदा

त्यांचे खासगी आयुष्य मात्र दुःखाने झाकोळलेले होते. १८६९ मध्ये ल्युदमिला फेदोरोविच हिच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हाच तिला क्षयाने ग्रासले होते. चालण्याइतकेही त्राण नसल्याने तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पुढील चार वर्षे पत्नीला वाचविण्यासाठी त्यांनी जंग जंग पछाडले. उबदार हवेच्या शोधात ते तिला गावोगाव घेऊन हिंडले. उपयोग झाला नाही. एप्रिल १८७३ मध्ये मदेइरा बेटावर तिचे निधन झाले. खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी अफूचा मोठा डोस घेतला. डोस इतका मोठा होता की तो उलटून पडला आणि त्यामुळेच ते वाचले.

१८७५ मध्ये ओल्गा बेलोकोपितोव्हा हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. ती चित्रकार आणि शिल्पकार होती. पुढे पतीचे चरित्रही तिनेच लिहिले. पण १८८० मध्ये ओल्गाला विषमज्वराने गाठले. विद्यापीठातील राजकारण, स्वतःचे ढासळते आरोग्य आणि पत्नीचे आजारपण यांच्या ओझ्याखाली मेचनिकॉव्ह पुन्हा मोडून पडले. १८८१ मध्ये त्यांनी उलटणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. मरण आलेच तर ते विज्ञानाच्या कामी यावे, हा रोग रक्तातून पसरतो की नाही हे तरी कळावे, असा त्यामागचा विचार. ते अत्यवस्थ झाले, पण याही वेळी बचावले.

त्याच वर्षी झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्यानंतरच्या दडपशाहीत विद्यापीठातील वातावरण असह्य होऊन १८८२ मध्ये त्यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. ओल्गाच्या आईवडिलांच्या निधनानंतर तिच्या धाकट्या भावंडांची जबाबदारीही या दांपत्यावर आली होती. हे सारे कुटुंब सिसिली बेटावरील मेसिना शहरी मुक्कामाला गेले.

मेसिनाचा काटा

मेसिनातील तो दिवस वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला. घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहायला गेली होती. मेचनिकॉव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकातून तारामाशाच्या डिंभकाचे निरीक्षण करीत होते. हा डिंभक काचेसारखा पारदर्शक असतो, त्यामुळे त्याच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी जिवंतपणीच दिसतात. या पेशी अन्नकण गिळतात, हे ठाऊक होते. अशाच पेशी शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूचाही समाचार घेत असतील काय, हा प्रश्न त्यांच्या मनात चमकला. त्यांनी बागेतील गुलाबाचे काही काटे आणले आणि ते डिंभकाच्या त्वचेखाली खुपसले. रात्र अस्वस्थतेत गेली. सकाळी पाहिले तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता.

या साध्या प्रयोगाचे महत्त्व समजण्यासाठी तेव्हाची समजूत लक्षात घ्यायला हवी. लाली, सूज, ऊब आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली होती. बोटात काटा रुतला की ती आपण सारेच अनुभवतो. जखमेच्या जागी पांढऱ्या पेशी जमतात, पू होतो, हेही डॉक्टरांना माहीत होते. पण या पेशी रोगजंतूंना शरीरभर वाहून नेतात, असा अनेकांचा समज होता. दाह हाच रोग मानला जाई. तारामाशाच्या डिंभकाला रक्तवाहिन्या नसतात, मज्जासंस्थाही अगदी प्राथमिक असते. तरीही त्याच्या पेशी काट्याकडे धावल्या. याचा अर्थ दाहाचा गाभा रक्तवाहिन्यांच्या फुगण्यात नाही, तर या पेशींच्या धावण्यात आहे, असा निष्कर्ष मेचनिकॉव्ह यांनी काढला.

विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो मेसिनाला आले असता त्यांनी हे काम पाहिले, उत्तेजन दिले आणि सावध राहण्याचा सल्लाही दिला. व्हिएन्नातील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांनी १८८३ मध्ये या पेशींसाठी ग्रीक भाषेतून ‘फॅगोसाइट’ हा शब्द सुचविला. मराठीत आपण त्यांना भक्षक पेशी म्हणतो. पुढच्याच वर्षी मेचनिकॉव्ह यांनी डॅफ्निया या पाण्यातील सूक्ष्म पिसवांमध्ये बुरशीचे बीजाणू आणि भक्षक पेशी यांची झुंज प्रत्यक्ष पाहिली. पेशी जिंकल्या तर पिसू जगे, हरल्या तर मरे.

ओडेसा ते पॅरिस, आणि एक धागा मुंबईचा

पाश्चर यांची रेबीजची लस यशस्वी झाल्यावर १८८६ मध्ये ओडेसा येथे लसीकरणाचे केंद्र उभे राहिले आणि मेचनिकॉव्ह त्याचे संचालक झाले. पण वैद्यकीय पदवी नसलेला संचालक स्थानिक डॉक्टरांना रुचला नाही. त्यातच मेचनिकॉव्ह गैरहजर असताना त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अँथ्रॅक्सविरोधी लसीकरणात हजारो मेंढ्या दगावल्या. ते पद सोडून त्यांनी पाश्चर यांच्याकडे धाव घेतली. पाश्चर यांनी पॅरिसच्या आपल्या नव्या संस्थेत त्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा दिली. १८८८ पासून अखेरच्या श्वासापर्यंत, म्हणजे २८ वर्षे, मेचनिकॉव्ह तेथेच राहिले.

ओडेसाच्या वर्गात त्यांच्या हाताखाली शिकलेला एक ज्यू विद्यार्थीही पुढे पॅरिसला आला. जागा नसल्यामुळे त्याने आरंभी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात साहाय्यकाचे काम पत्करले. हा तरुण म्हणजे वाल्डेमार हाफकिन. पटकीची लस घेऊन ते १८९३ मध्ये भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे, तिच्या गुरुपरंपरेत मेचनिकॉव्ह यांचेही स्थान आहे.

पेशी विरुद्ध रक्तद्रव

पॅरिसमध्ये मेचनिकॉव्ह यांना बौद्धिक युद्धाला तोंड द्यावे लागले. रोगप्रतिकाराचे सामर्थ्य पेशींत नसून रक्तद्रवात आहे, असे जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांच्या अनुयायांचे ठाम मत होते. एमिल बेरिंग यांनी घटसर्पावर प्रतिविष असलेल्या रक्तद्रवाचा उपाय काढला, तेव्हा या मताला मोठेच बळ मिळाले. १८९४ मध्ये रिचर्ड फायफर यांनी तर पटकीचे जिवाणू भक्षक पेशींवाचूनही विरघळतात, हे दाखविले. पुढच्या वर्षी त्यामागील रक्तद्रवातील घटकाचा उलगडा केला तो जूल बोर्दे यांनी, आणि तोही मेचनिकॉव्ह यांच्याच प्रयोगशाळेत बसून. शिष्याच्या शोधाने गुरूच्या सिद्धान्तालाच धक्का बसला, तरी ते संशोधन तेथे झाले आणि प्रसिद्धही झाले, ही गोष्ट त्या प्रयोगशाळेच्या मोकळेपणाची साक्ष देते.

अखेरीस दोन्ही पक्ष अर्धे-अर्धे खरे ठरले. रक्तद्रवातील प्रतिपिंडे जिवाणूंना चिकटली की भक्षक पेशींना ते गिळणे सोपे जाते, हे १९०३ च्या सुमारास लंडनमध्ये आल्मरॉथ राइट यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. १९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तद्रवाच्या पक्षाचे पाउल एर्लिश यांना विभागून देण्यात आले, ते उचितच होते.

मोठ्या आतड्यावर आरोपपत्र

तोवर मेचनिकॉव्ह यांचे लक्ष आतड्याकडे वळले होते. त्याची सुरुवात पटकीच्या साथीतून झाली. १८९२ मध्ये फ्रान्समध्ये पटकी पसरली असता एकाच गावातील एकाला रोग होतो आणि दुसऱ्याला होत नाही, याचे त्यांना कोडे पडले. त्यांनी पटकीचे जिवाणू स्वतः पिऊन पाहिले. त्यांना काहीच झाले नाही. पण प्रयोगात सामील झालेला एक स्वयंसेवक मरता मरता वाचला. आजच्या नैतिक कसोटीवर असा प्रयोग क्षणभरही टिकणार नाही. त्यातून त्यांनी जो तर्क केला तो मात्र दूरदृष्टीचा होता. आतड्यात आधीपासून नांदणारे इतर जिवाणू रोगजंतूला साथ देतात किंवा अडवतात, असे त्यांना वाटू लागले.

वार्धक्याचा प्रश्न त्यांनी याच्याशी जोडला. वृद्धांच्या मोठ्या आतड्यात सडण्याची क्रिया घडविणारे जिवाणू विषारी द्रव्ये तयार करतात, ती रक्तात भिनतात, पेशी दुर्बल होतात आणि मग शरीराच्या रक्षक भक्षक पेशी या दुबळ्या पेशींनाच खाऊ लागतात, अशी त्यांची उपपत्ती होती. केस पांढरे होतात तेही भक्षक पेशी रंगद्रव्य गिळतात म्हणून, असे ते मानत. वार्धक्याच्या अभ्यासाला ‘जेरोंटॉलॉजी’ हे नावही त्यांनीच १९०३ मध्ये दिले.

उपाय त्यांना स्वयंपाकघरात सापडला. दूध आंबले की नासत नाही, कारण लॅक्टिक आम्ल सडविणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाही. मग हेच आम्ल करणारे जिवाणू आतड्यात सोडले तर? बल्गेरियातील खेडूत आंबट दूध भरपूर पितात आणि दीर्घायुषी असतात, अशी माहिती त्यांच्याकडे आली होती. स्टामेन ग्रिगोरॉव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने १९०५ मध्ये जिनिव्हा येथे त्या दह्यातील जिवाणू शोधूनही काढला. जून १९०४ मध्ये वार्धक्यावर मेचनिकॉव्ह यांनी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानाने एकच खळबळ उडाली. वृत्तपत्रांनी म्हातारपणावर रामबाण सापडल्याची हाकाटी केली. शास्त्रज्ञाने सावधपणे मांडलेला तर्क बाजारात वचन बनून गेला. दह्याच्या जिवाणूंच्या गोळ्या आणि भुकट्या विकल्या जाऊ लागल्या. या व्यापाराशी त्यांचे नाव जोडले गेल्याने टीकाही झाली.

अखेरचे पर्व

मेचनिकॉव्ह स्वतः नेमाने आंबवलेले दूध घेत आणि कच्चे अन्न टाळत. १९०७ मधील ग्रंथात त्यांनी आपल्या आशावादी तत्त्वज्ञानाची मांडणी केली. मनुष्य पूर्ण आयुष्य निरोगी जगला तर जगण्याची तृप्ती येऊन मृत्यूचे भय आपोआप गळून पडेल, असा त्यांचा विश्वास होता. मे १९०९ मध्ये यास्नाया पोल्याना येथे त्यांनी टॉल्स्टॉय यांची भेट घेतली. एकाची श्रद्धा विज्ञानावर, दुसऱ्याची धर्मभावनेवर. पण मृत्यूचा प्रश्न दोघांनाही आयुष्यभर छळत होता.

१९१३ पासून हृदयविकाराने उचल खाल्ली. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, तरुण सहकारी आघाडीवर गेले आणि प्रयोगशाळा ओस पडली. माणसाचे आयुष्य वाढविण्यासाठी झटणाऱ्या शास्त्रज्ञाला लाखो तरुण अकाली मरताना पाहावे लागले. १५ जुलै १९१६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा अस्थिकलश पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आजही आहे. दीर्घायुष्याची आशा दाखविणारा माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावरच गेल्यामुळे त्यांच्या सिद्धान्ताची थट्टा झाली. दोनदा मरणाला सामोऱ्या गेलेल्या, कमकुवत हृदयाच्या माणसाने मिळविलेली ही वर्षेही थोडी नव्हती, हे थट्टेच्या भरात विसरले गेले.

काय टिकले, काय गळाले

पुढील काळाने मेचनिकॉव्ह यांच्या अनेक समजुती खोडून काढल्या. मोठे आतडे हा निरुपयोगी अवयव आहे, हे त्यांचे मत साफ चुकीचे ठरले. बल्गेरियन दह्यातील जिवाणू मानवी आतड्यात तळ ठोकत नाही, हे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या लिओ रेटगर यांनी दाखवून दिले.

पण मूळ प्रश्न जिवंत राहिला. त्यांच्याच संस्थेतील आंरी तिसिए यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आतड्यातील बायफिडोबॅक्टेरियम शोधला होता. १९१७ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड निसले यांनी, हगवणीच्या साथीतही निरोगी राहिलेल्या एका सैनिकाच्या आतड्यातून एक उपकारक जिवाणू वेगळा केला. आतड्याला व्रण पाडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या दाहक विकारात, रोग आटोक्यात आल्यावर तो उलटू नये यासाठी हा जिवाणू मेसालाझिन या नेहमीच्या औषधाइतका उपयोगी पडतो, असे अलीकडच्या चाचण्यांत आढळले. १९१९ मध्ये बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी दही औषधालयांतून विकायला सुरुवात केली, त्यातून डॅनोन ही कंपनी उभी राहिली. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये निवडलेल्या जिवाणूपासून १९३५ मध्ये याकुल्ट आले.

आजचे शास्त्र सांगते की, मानवी शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यातच राहतात. रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा वाटाही आतड्याच्या भिंतीतच असतो. या दोहोंमध्ये श्लेष्माचा पातळ थर आणि पेशींचा एकच पदर असतो. आपण खाल्लेल्या तंतुमय अन्नापासून काही जिवाणू ब्युटिरेट हे आम्ल बनवतात. ते आतड्याच्या अस्तराचे इंधन असते आणि दाहाला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढविण्यासही मदत करते. असे आम्ल करणारा एक जिवाणू क्रोन्स या दाहक विकाराच्या रुग्णांत कमी असतो, हे २००८ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनीच दाखविले. रक्षक पेशी आतड्यातील बिघाडामुळे घरावरच उलटतात, हा मेचनिकॉव्ह यांचा संशय तपशिलात चुकला असला तरी त्याची दिशा योग्य होती.

उपचार म्हणून प्रोबायोटिकचा हिशेब मात्र संमिश्र आहे. ओडिशातील खेड्यांत ४,५०० हून अधिक नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विशिष्ट जिवाणू आणि त्याचे खाद्य एकत्र दिल्याने रक्तदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. उलट, नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना जिवाणू दिले तेव्हा मृत्यूंचे प्रमाण ६ टक्क्यांऐवजी १६ टक्के झाले, असे २००८ मध्ये उघड झाले. प्रतिजैविकांनंतर घेतलेल्या अशा कॅप्सूलमुळे आतड्यातील मूळ जिवाणूंचे पुनरागमन लांबू शकते, असे २०१८ मधील इस्रायली संशोधन सांगते. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये बहुतेक पचनविकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्यास नकार दिला आणि मोजकेच अपवाद ठेवले. कोणता जिवाणू, किती आणि कोणासाठी, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय बाटलीवरच्या आश्वासनाला अर्थ नाही.

घरच्या विरजणाचे दही हे उत्तम अन्न आहे. पण त्यात कोणते जिवाणू किती आहेत हे घरागणिक बदलते. म्हणून त्याला औषध म्हणता येत नाही. गंभीर आजारी, प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांनी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पालकांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नये.

मेचनिकॉव्ह यांचा वारसा दह्याच्या वाटीपेक्षा मोठा आहे. शरीर आणि सूक्ष्मजीव यांच्यात युद्ध असते तसाच सहवासही असतो, आणि दाह हे त्या सीमेवरचे नाजूक काम आहे, ही दृष्टी त्यांनी दिली. त्यांच्या कल्पनेचा बाजार करणाऱ्यांनी तिच्यापुढचे प्रश्नचिन्ह पुसून टाकले. गेल्या शतकभरात संशोधकांनी ते पुन्हा उमटवले, आणि या प्राणिशास्त्रज्ञाचे खरे स्मरण त्यातच आहे.